सही एका दिवसाची, हिशेब पंधरा वर्षांचा

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभं राहिलं की चहूबाजूंनी जुनं सरकार दिसतं. टपाल कचेरी, बँकेची इमारत, टाउन हॉल, सरकारी छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट, आणि एका अंगाला गोरखी, म्हणजे शिंद्यांचा जयविलासच्या आधीचा राहता वाडा. एकीची धाटणी दुसरीला मिळत नाही. मधोमध शिंदे घराण्यातल्या राजाचा पुतळा. हा थाट पाहून वाटतं, की कुणीतरी फुरसतीनं राजधानी आखली असावी. तसं काही नव्हतं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेचा तळ दिला. तळ उठला नाही. त्याचंच शहर झालं आणि नावही लष्कर हेच राहिलं. कंपू, शिंदे की छावणी, दौलतगंज, फालका बाजार ही मोहल्ल्यांची नावं आजही छावणीची हजेरी घेतल्यासारखी वाटतात.

दौलतराव इथे थांबले तो काळ मोठा विचित्र होता. मराठा संघ मोडत होता, पण मोडून झाला नव्हता. पेशवे पुण्यात होते, पण त्यांच्या दाराशी इंग्रज पलटणी होत्या. शिंदे स्वतंत्र होते, पण तहांनी बांधलेले होते. कोण कुणाचं देणं लागतं, कोणत्या गावचा वसूल कुणाचा, कोणता राजा कुणाचा मांडलिक, यातलं काहीच पुरतं मिटलं नव्हतं. संघातून बाहेर पडणं म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानं लंडनला जाण्याआधी या चौकात यावं, असं मला वाटतं.

लंडनची गोष्ट ताजी आहे. युरोपीय संघ सोडायचा का, असा प्रश्न ब्रिटननं २३ जून २०१६ रोजी मतदारांना विचारला. ५१.९ टक्क्यांनी हो म्हटलं. संघ सोडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं, प्रत्यक्ष व्यवहार बदलायला त्या वर्षाची अखेर. उत्तर आयर्लंडचा गुंता तरीही उरला, त्यासाठी २०२३ च्या फेब्रुवारीत विंडसर फ्रेमवर्क नावाचा आणखी एक समझोता करावा लागला. मधल्या काळात डेव्हिड कॅमेरन आणि थेरेसा मे हे दोन पंतप्रधान या प्रश्नानं घरी पाठवले. ज्यांनी दुसऱ्यांच्या देशांत भराभर सीमारेषा ओढल्या त्यांना स्वतःची एक रेघ ओढता येईना, म्हणून आपल्याकडे बरेच जण हसले. हसू येण्यासारखं होतंच. पण आपल्या दफ्तरातही असं एक प्रकरण आहे, आणि ते अधिक महागात गेलेलं आहे.

मराठा संघ म्हणजे युरोपीय संघ नव्हे, हे आधीच मान्य करून टाकतो. इथे लेखी घटना नव्हती, मतदान नव्हतं, बाहेर पडायचं कलम तर नव्हतंच. साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे, आणि बडोदा, नागपूर, इंदूर, उज्जैन अशा ठिकाणी ज्याच्या-त्याच्या फौजा बाळगून असलेले सरदार. शिंद्यांचे दिल्ली दरबारी स्वतःचे वकील, स्वतःच्या कवायती पलटणी, त्यांवर बेन्वा द बॉइन्यसारखे युरोपीय अंमलदार. तरीही सरदारी वारसाला मिळायची ती पुण्याहून वस्त्रं आली म्हणजे, आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. संघ टिकून होता तो निष्ठेच्या भाषणांवर नव्हे, पैशाच्या गुंत्यावर. थोरल्या बाजीरावांच्या काळात माळव्याची वाटणी झाली तेव्हापासून शिंदे, होळकर, पवार आणि खुद्द पेशवे यांचे हक्क एकाच मुलखात शेजारीशेजारी, कुठे कुठे एकाच परगण्यात, बसलेले. अहमदाबाद शहर तर निम्मं पेशव्यांचं, निम्मं गायकवाडांचं: भद्राच्या किल्ल्यात पेशव्यांचा सुभेदार, गावात गायकवाडांची हवेली.

या गुंत्यात जोर किती होता हे महादजी शिंद्यांच्या वेळी दिसतं. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. इंग्रज आणि पेशवे या दोघांत महादजी मध्यस्थही होते आणि जामीनही. सालबाई ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर म्हणता येईल इतकं जवळ. महादजींनी तह ठरवला, पण नाना फडणविसांनी पुण्याची मान्यता द्यायला डिसेंबर उजाडवला. उत्तरेतला सर्वांत बलाढ्य सरदार तह करतो आणि तो पुण्याची मोहोर उठेपर्यंत लटकतो, याचा अर्थ संघ अजून जिवंत होता. १७९२ मध्ये महादजी पुण्याला गेले, तेव्हा बादशहाकडून मिळालेली वकील-इ-मुतलकची वस्त्रं पेशव्यांना अर्पण करण्याचा मोठा सोहळा झाला. सोहळ्यामागे मात्र हिशेबाची खडाजंगी होती. हिंदुस्थानच्या मोहिमांचा खर्च आम्ही सोसला, तो द्या, असं शिंदे म्हणत. हिंदुस्थानातल्या वसुलाचा हिशेब आधी दाखवा, असं पुणं म्हणे. हे भांडण मिटायच्या आत, १२ फेब्रुवारी १७९४ ला, महादजी वानवडीला वारले. हिशेब तसाच राहिला.

आता बाहेर पडण्याकडे येऊ. ब्रेक्झिटची चर्चा ऐकताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली: संघ सोडण्याचा निर्णय बहुतेक वेळा संघाबद्दल नसतो. तो घरातल्या भांडणातून येतो. कॅमेरन यांनी सार्वमताचं वचन जानेवारी २०१३ मध्ये दिलं, ते स्वपक्षातले युरोपविरोधी खासदार आणि बाहेरून मतं खेचणारा युकिप पक्ष या दोघांना गप्प करण्यासाठी. ते स्वतः राहण्याच्या बाजूनं प्रचार करत होते. हरलो तर पुढे काय, याची तयारी त्यांच्या सरकारनं केलेली नव्हती. निकालानंतर दुसऱ्याच सकाळी त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

दुसऱ्या बाजीरावांनीही तेच केलं, फक्त त्यांच्यासमोर मतपेटीऐवजी यशवंतराव होळकर होते. यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आलं. सूड उगवायला यशवंतराव पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले, कोकणातून वसईला पोचले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. सहा हजारांहून कमी नाही अशी इंग्रजी पायदळ फौज कायमची पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादात इंग्रजांचा निवाडा मानायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी राजकारण करायचं नाही. संघ सोडतो असं एकही वाक्य या तहात नाही. पण जो प्रमुख आपल्या सरदारांशीही इंग्रजांना विचारून बोलणार, त्याचा संघ उरला कुठे? इथे सभासद बाहेर पडला नाही, यजमानच पाहुण्यांना न सांगता घर सोडून गेला. गादी परत मिळवण्यापुरता त्यांना आधार हवा होता. १३ मे १८०३ ला ते इंग्रजी फौजेच्या सावलीत पुण्यात परतले, आणि मिळालेल्या आधाराची किंमत पुढची पंधरा वर्षं मोजत राहिले.

त्यानंतर जे झालं त्यात लंडनचा धडा उलटा दिसतो. ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत युरोपीय संघाचे उरलेले सत्तावीस देश एकाच तोंडानं बोलले. मिशेल बार्निये हे त्यांचे एकमेव वाटाघाटी करणारे. ब्रिटननं एकेका राजधानीत जाऊन वेगळं बोलून पाहिलं, काही साधलं नाही. मराठ्यांच्या बाबतीत एकाच तोंडानं बोलणारी बाजू इंग्रजांची होती आणि वेगवेगळे गाठले गेले ते आपण. गायकवाडांनी १८०२ मध्येच इंग्रजी फौज पत्करली होती. मग वसई. १८०३ च्या युद्धात शिंदे आणि नागपूरकर भोसले लढले, होळकर बाजूला बसून पाहत राहिले. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव. उत्तरेत इंग्रज सेनापती लेकनं अलीगड, दिल्ली आणि लासवारी इथे द बॉइन्यनं उभ्या केलेल्या पलटणी मोडून काढल्या. भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावला तह केला, शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला. पुढच्या वर्षी होळकर लढायला उठले तेव्हा शिंद्यांचे हात तहानं बांधलेले. होळकरांचा तह झाला २४ डिसेंबर १८०५ ला, दूर पंजाबात, बियास नदीकाठी. चार वर्षांत पाच सत्ता, पाच वेगळे तह. एकत्र बसून अटी ठरवल्या असत्या तर हरलेल्या बाजूलाही बरं काही पदरात पाडून घेता आलं असतं, असं म्हणायला जागा आहे. पण त्यासाठी नाना-महादजींसारखं, एकमेकांवर कुरकुर करत का होईना, एकाच पानावर मोहोर उठवणारं नेतृत्व लागतं. ते तेव्हा नव्हतं.

सुर्जी अंजनगावच्या तहात खुद्द ग्वाल्हेरची गत काय झाली, ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. या तहाचा मसुदा इंग्रजांच्या बाजूनं आर्थर वेलस्ली यांनी केला, तेच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. त्यात एक कलम असं होतं, की शिंद्यांच्या मांडलिकांशी इंग्रजांनी जे करार केले असतील ते शिंदे मान्य करतील, आणि त्यांची यादी तह कायम होताना दिली जाईल. म्हणजे कुणाशी कोणता करार झाला हे न पाहताच सही! यादी आली तेव्हा तिच्यात गोहदच्या राण्याचं नाव होतं आणि राण्याबरोबर ग्वाल्हेरचा किल्लाही होता. दौलतरावांचे वकील म्हणाले, राणा आमचा मांडलिक कुठला? महादजींनी १७८३ मध्ये ग्वाल्हेर घेतलं आणि पाठोपाठ गोहद, त्यानंतर राणा म्हणून राज्य उरलंच नव्हतं. इंग्रज म्हणाले, कलम वाचा. १८०४ च्या फेब्रुवारीत तोफा लावून त्यांनी किल्ला ताब्यातही घेतला.

गंमत म्हणजे कलम लिहिणारे आर्थर स्वतः दौलतरावांच्या बाजूचे निघाले. आपला शब्द खरा राहावा म्हणून ग्वाल्हेर सोडून द्यावं, असं त्यांनी मांडलं. इंग्रजांचे वकील जॉन माल्कमही त्यांच्याच मताचे. पण थोरले बंधू रिचर्ड, म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली, ऐकेनात, आणि माल्कमवर त्यांची नाराजी झाली. एका सैल कलमावरून दोन भाऊ दोन बाजूंना. रिचर्ड गेले, कॉर्नवॉलिस आले, तेही ऑक्टोबर १८०५ मध्ये गाझीपूरला वारले, आणि २२ नोव्हेंबर १८०५ च्या नव्या तहानं ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. चंबळ ही हद्द ठरली. राण्याला बदली म्हणून धोलपूर, बाडी आणि राजाखेडा देण्यात आलं. धोलपूर संस्थान जन्माला आलं ते असं, एका तहाच्या दुरुस्तीतून. दौलतरावांनी पाच वर्षांनी इथेच तळ दिला. जो किल्ला वर्ष-दीड वर्ष हातचा गेला होता त्याच्याच पायथ्याशी बिऱ्हाड थाटण्यात केवळ सोय नसावी, असं मला वाटतं. पण हा माझा तर्क.

उत्तर आयर्लंडची गोष्ट याच जातीची आहे. आयर्लंड बेटावरची सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आणि तिच्यावरून २०० हून जास्त रस्ते ये-जा करतात. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या लष्करी चौक्या हळूहळू उठल्या, आणि दोन्ही बाजू एकाच संघात असल्यानं जकातीच्या चौक्यांचीही गरज नव्हती. ब्रिटन बाहेर पडल्यावर चौकी कुठे बसवायची? बेटावर बसवली तर शांतता करार धोक्यात, समुद्रात बसवली तर देशाच्याच दोन भागांत जकात. सार्वमताच्या मतपत्रिकेवर याचा उल्लेखही नव्हता. थेरेसा मे यांनी जून २०१७ मध्ये निवडणूक घेतली ती हात बळकट करायला. बहुमत गमावून बसल्या आणि सरकार टिकवण्यासाठी उत्तर आयर्लंडच्याच डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांचा आधार घ्यावा लागला. त्या खासदारांना समुद्रातली चौकी नको होती. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार २३० मतांनी पडला, त्यानंतर आणखी दोनदा पडला. बोरिस जॉन्सन यांनी शेवटी समुद्रातली चौकी पत्करली आणि पुढे कित्येक दिवस ती चौकी नाहीच असं सांगत राहिले. सैल कलमं कामाला येतात, कारण त्यांवर दोघांनाही सही करता येते. वाद मागून येतो, आणि तो येतो तेव्हा सही करणारा बहुधा दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

पैशाचंही तसंच. ब्रिटननं संघ सोडताना मान्य केलेलं देणं सुरुवातीच्या अंदाजानं सुमारे ३९ अब्ज पौंड होतं. त्यात संघाच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनातला हिस्साही आला, म्हणजे काही हप्ते अनेक दशकं चालणार. मतदारांना हे ऐकून धक्का बसला. सुर्जी अंजनगावच्या तहात मात्र निवृत्तिवेतनाचं कलम उघडउघड होतं: मुलूख गेल्यामुळे ज्या सरदारांची पोटं अडतील त्यांना जहागिरी आणि नेमणुका मिळून वर्षाला १७ लाखांपर्यंत ईस्ट इंडिया कंपनी देईल. १८०५ च्या तहानं खुद्द दौलतरावांना चार लाखांची नेमणूक मिळाली, पत्नी बायजाबाईंना दोन लाखांची जहागीर, मुलगी चिमणाबाई हिला एक लाखाची. हे लाचेसारखं दिसतं, काही प्रमाणात होतंच. पण इंग्रजांना एक गोष्ट ठाऊक होती. संघ मोडताना ज्यांची भाकरी त्यावर चालत होती त्यांना वाऱ्यावर सोडलं, तर तेच लोक उद्या तलवार घेऊन उभे राहतात.

अजिंठ्याच्या दक्षिणेचा मुलूख शिंद्यांनी सोडला, तरी श्रीगोंदे आणि जामगाव इथली घराण्याची वतनी गावं त्यांच्याकडे ठेवण्यात आली. राज्य चंबळेवर आणि वतन नगर जिल्ह्यात. राजकारणाची फारकत झाली, मूळ घराची झाली नाही. युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांचे आणि ब्रिटनमधल्या युरोपीयांचे राहण्याचे हक्क फारकतीच्या करारात वेगळे राखून ठेवावे लागले, ते याच कारणानं. माणसं आणि त्यांची घरं तहाच्या रेघेवर कधी नीट बसत नाहीत.

सगळ्यांत जड गेली ती अहमदाबादची वाटणी. शहरातला पेशव्यांचा हिस्सा १८०० पासून गायकवाडांना इजाऱ्यानं दिला होता. १८०४ मध्ये तो दहा वर्षांसाठी वाढवला. १८१४ मध्ये मुदत संपली तेव्हा बाजीराव म्हणाले, आता इजारा नाही आणि जुनी थकबाकी आधी चुकती करा. गायकवाडांचेही उलटे दावे होते. वसईच्या तहानं निवाडा इंग्रजांकडे होता, पण इंग्रजांनी आधी आपसांत बोला असं सुचवलं. बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन हे इंग्रजांच्या सुरक्षेच्या हमीवर पुण्याला हिशेब मिटवायला आले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय बाजीरावांचे लाडके त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं त्यांना मागून घेतलं, ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते तिथून निसटले. मग दबाव वाढत गेला तो थेट १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहापर्यंत. त्या तहात बाजीरावांनी मराठा संघाचं प्रमुखपण सोडल्याचं लेखी मान्य केलं आणि गायकवाडांवरचे दावे वार्षिक चार लाखांवर तोडले. संघ खऱ्या अर्थानं संपला तो या दिवशी. आणि तो संपवणारा वाद होता एका शहराच्या इजाऱ्याचा, पंधरा वर्षं रेंगाळलेल्या थकबाकीचा. बाकी सगळं वसईपासून चालत आलेलं.

५ नोव्हेंबर १८१७ ला दोन गोष्टी घडल्या. खडकीला बाजीरावांच्या फौजेनं इंग्रजांवर हल्ला केला. त्याच दिवशी ग्वाल्हेरकडे दौलतरावांनी इंग्रजांशी नवा तह केला. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज स्वतः फौज घेऊन सिंध नदीच्या बाजूनं आले होते, दुसरी फौज चंबळेकडे. पेंढाऱ्यांविरुद्ध पाच हजार घोडेस्वार द्यायचे, हंडिया आणि असीरगड हे किल्ले युद्धापुरते इंग्रजांकडे ठेवायचे. आणि उदेपूर, जोधपूर, कोटा यांच्याशी इंग्रजांनी करार करायचा नाही हे १८०५ च्या तहातलं संरक्षण सोडून द्यायचं. पुण्याचा शेवटचा संग्राम सुरू झाला त्याच दिवशी संघाचा सर्वांत मोठा सभासद कायदेशीररीत्या बाहेर झाला होता. त्यांना दोष द्यायचा का? मराठी इतिहासात दौलतरावांना फारशी सहानुभूती मिळत नाही, आणि त्यांच्या कारभारात ती मिळवण्यासारखं थोडंच होतं. पण ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी वसईला त्यांना न विचारता सही केली त्यांच्यासाठी त्यांनी एकट्यानं पुन्हा उभं राहावं, ही अपेक्षाही सोपी नव्हे.

आणि सही करूनही ते पूर्ण बाहेर पडले असं नाही. असीरगडचा किल्लेदार यशवंतराव लाड किल्ला देईना. १८१९ च्या एप्रिलमध्ये वेढा घालून इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा आत दौलतरावांचं पत्र सापडलं म्हणतात: हुकूम आले तरी किल्ला देऊ नको. माळव्यात शिंदे, होळकर, पवार यांच्या हक्कांची गावोगाव गुंतागुंत तशीच होती. ती सोडवायला माल्कम बसले. उपाय साधा: लहान जहागीरदारानं द्यायची रक्कम ठरवून टाकायची आणि तिची हमी इंग्रजांनी घ्यायची. वसूल करायला कुणी फौज नेऊ नये. यातून हमीच्या ठाकुरांचा एक आख्खा वर्ग माळव्यात तयार झाला आणि तो इंग्रज जाईपर्यंत टिकला. संघ मोडला, पण त्याच्या हिशेबाचे धागे तोडता आले नाहीत. ते दुसऱ्याच्या हातात गेले, एवढंच.

ग्वाल्हेरनं पुढे आणखी एक संघ पाहिला, याहून कमी रक्ताचा. २२ एप्रिल १९४८ च्या करारानं ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहान संस्थानं मिळून मध्य भारत झाला. २८ मे रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. हडपसरच्या लढाईतल्या दोन घराण्यांचे वारस आता एकाच कागदावर वर-खाली. राजधानी कुठे, यावरून मात्र जुना वाद उकरला गेला आणि तोड निघाली ती अशी: वर्षातले साडेसहा महिने ग्वाल्हेर, साडेपाच महिने इंदूर. लीलाधर जोशी पहिले मुख्यमंत्री, मग गोपीकृष्ण विजयवर्गीय, तखतमल जैन, मिश्रीलाल गंगवाल, पुन्हा तखतमल जैन. आठ वर्षांत पाच मंत्रिमंडळं. १९५१ च्या जनगणनेत जवळपास ८० लाख लोकसंख्या भरलेलं हे राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात विरून गेलं, राजप्रमुख हे पदही त्याच वेळी रद्द झालं. मंदसौर जिल्ह्यातला सुनेलचा तुकडा राजस्थानला गेला, राजस्थानातलं सिरोंज इकडे आलं.

राजधानी भोपाळला गेली तेव्हा ग्वाल्हेर रिकामं राहू नये म्हणून कार्यालयं वाटून दिली गेली. महसूल मंडळ, उत्पादन शुल्क आयुक्त, परिवहन आयुक्त, भूमि अभिलेख, महालेखापाल ही सगळी ग्वाल्हेरला, उच्च न्यायालयाचं खंडपीठही. राज्याचं मंत्रालय भोपाळला आणि जमिनीच्या अपिलाची शेवटची पायरी चारशे किलोमीटर उत्तरेला, ही व्यवस्था बाहेरच्याला अजब वाटते. भोपाळच्या अधिकाऱ्याची त्यात दगदग होते, सीहोरच्या शेतकऱ्याचीही होते. पण राजधानी काढून घेतल्याच्या मोबदल्यात काहीतरी हातात ठेवायचं, हे भान १९५६ च्या कारभाऱ्यांना होतं. वसईच्या तहात दौलतरावांसाठी असं एकही कलम नव्हतं. तारखेला आलेले पक्षकार आजही फायली घेऊन ग्वाल्हेरच्या महसूल मंडळात जातात. काम लवकर संपलं तर संध्याकाळची गाडी धरण्याआधी बाड्यावर एक फेरी मारतात.